केसालाही धक्का न लावता

माळव्याचा सुलतान नासिरुद्दीन खिलजी याच्या अंगात उष्णता फार होती. हे जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे, म्हणजे गोष्ट ऐकीव असली तरी शाही ऐकीव आहे. आमच्या घरात कुणाला उष्णतेचा त्रास झाला की सब्जाचं बी भिजत घालतात, तळपायाला काशाच्या वाटीने तूप चोळतात आणि फारच झालं तर गुलकंदाची बरणी खाली काढतात. सुलतानाने क्षिप्रा नदी अडवली. उज्जैनच्या उत्तरेला, शहरापासून साधारण आठ किलोमीटरवर, नदीतल्या बेटावर महाल होता. त्याच्या आतून-बाहेरून त्याने पाण्याचे पाट खेळवले, दगडी फरशीत लहानमोठे हौद केले. एका हौदातलं पाणी अरुंद नाळ्यांतून दुसऱ्यात जाई, तिथून त्याची चादर तिसऱ्यात पडे. आणि या सगळ्यात गळ्यापर्यंत बुडून तो राज्य करू लागला. हाच कालियादह महाल. गावातले लोक त्याला केडी पॅलेस म्हणतात आणि त्या हौदांना बावन कुंड.

पर्यटन खात्याची माहिती महाल १४५८ सालचा सांगते. तेव्हा गादीवर नासिरुद्दीनचे आजोबा, महमूद खिलजी होते. जहांगीर मात्र सगळं श्रेय नातवाला देतो, आणि नातू राज्यावर आला १५०० मध्ये, तोही बापाला विष घालून, अशी बोलवा आहे. उज्जैनचे पंडित म्हणतात की खिलजी कालचे. इथे आधी सूर्यमंदिर होतं आणि स्कंदपुराणाच्या अवंतीखंडात इथल्या कुंडांचं माहात्म्य आहे. मी पाहुण्यांना सगळंच सांगतो: पुण्य पुराणाचं, पाया आजोबांचा, पाणी नातवाचं. याला संशोधन म्हणत नाहीत, तडजोड म्हणतात; पण आमच्या गावात राहायचं तर दोन्ही एकच.

‘पाहुण्यांना’ म्हणालो, कारण मी आमच्या नात्यागोत्यातला बिनपगारी गाइड आहे. आमचं घराणं शिंद्यांच्या फौजेमागोमाग माळव्यात आलं. फौजेमागोमाग, फौजेत नव्हे. राणोजी शिंद्यांनी उज्जैनला ठाणं केलं, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं, त्या सुमारास आमचे एक पूर्वज दप्तर सांभाळायला आले. पुढे १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला, लष्करला हलवली. सगळे गेले, आमचे लोक वसुलीचा कुठलासा कागद शोधत मागे राहिले. तो कागद अजून मिळालेला नाही. मिळेपर्यंत आम्ही फ्रीगंजात राहतो, घरात मराठी बोलतो, सकाळी पोहे-जिलेबी खातो आणि पुण्या-ठाण्याहून महाकालाला आलेल्या आप्तांना स्टेशनवरून घरी आणतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक झाल्यापासून आप्तांची संख्या इतकी वाढली आहे की त्यातले काही आप्त नसावेत असा मला संशय आहे.

पाहुण्यांचा बेत ठरलेला असतो: भस्मारती, हरसिद्धी, कालभैरव, परतीची गाडी. मी मध्ये कालियादह घुसवतो. आत घुमटाखाली उभं करून जहांगीर ऐकवल्याशिवाय मी कुणालाही गाडीत बसू देत नाही. जहांगीर १६१७ च्या फेब्रुवारीत इथे आला. येण्याआधी त्याने कारागीर पाठवून जागा झाडूनपुसून, डागडुजी करून घेतली, मग तीन दिवस मुक्काम केला आणि हिंदुस्थानातल्या नामांकित जागांत हिची गणना केली. त्याचा बाप अकबरही येऊन गेला होता. दोघांच्या भेटीचे शिलालेख महालाच्या एका लांब दालनात आहेत. जहांगीर उज्जैनला आला तो मुख्यतः जदरूप नावाच्या संन्याशाला भेटायला. हा जदरूप एका बिळाएवढ्या गुहेत राहायचा, पाच घास खायचा आणि कडाक्याच्या थंडीतही दोनदा नदीत आंघोळ करायचा. बादशहा त्याच्याकडे पायी गेला. एकाच नदीच्या काठी एक माणूस अंगावर लंगोटी घेऊन दोनदा पाण्यात उतरतो आणि दुसरा त्यासाठी नदीचा नकाशा बदलतो. यातला कोण जास्त थंड झाला असेल, हे मी पाहुण्यांना विचारतो. पाहुणे घड्याळ बघतात.

मग येते खरी गोष्ट, आणि ती मी नेहमी मोठ्या कुंडाच्या काठावर उभं राहून सांगतो. नासिरुद्दीन एकदा नशेत खोल हौदात पडला. जनानखान्यातल्या दासींनी धडपड करून त्याचे केस पकडले आणि त्याला बाहेर ओढलं. शुद्धीवर आल्यावर त्याला हा प्रकार कळला. सुलतानाच्या केसांना हात! ज्यांनी ओढलं त्यांचे हात तोडायचा हुकूम झाला. पुढे पुन्हा एकदा तो असाच पाण्यात पडला. काठावर सगळे अदबीने उभे राहिले. सुलतानाच्या केसालाही धक्का न लावता त्यांनी त्याला बुडू दिलं.

जहांगीरबरोबर इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो होता. त्यानेही कालियादहच्या मुक्कामात ही गोष्ट टिपली, पण त्याच्या गोष्टीत पहिल्या खेपेला गुलाम आहे आणि दुसऱ्या खेपेला काठावर एकटी बायको. तिला सहज वाचवता आलं असतं. का नाही वाचवलंस, असं विचारल्यावर ती म्हणाली, माझेही हात तोडले असते तर? (इतर तवारिखा म्हणतात, सुलतान तापात थंड पाण्याने आंघोळ करून गेला. ही हकीकत मी पाहुण्यांना सांगत नाही. तापाने कुणीही मरतं.) आमच्या सौभाग्यवतींना रोची आवृत्ती जास्त विश्वसनीय वाटते. ती ऐकताना त्या दर वेळी मान डोलवतात. त्याचा अर्थ मला फार उशिरा लागला.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. एवढा जलविहाराचा इतिहास सांगणाऱ्या मला पोहता येत नाही. लहानपणी आजोबांनी रामघाटावर माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधून मला पाण्यात सोडलं होतं. मे महिन्याच्या अखेरीला भोपळा उत्तम पोहायला लागला. मोठेपणी एका तरणतलावात पैसे भरून शिकायला गेलो. तिथल्या शिक्षकांनी मला उथळ बाजूला, दात पडलेल्या मुलांमध्ये उभं केलं. ती मुलं एकेक करून खोल बाजूला बढती मिळवून गेली, नवी आली, तीही गेली. मी आपला तिथेच नळी धरून पाय मारत राहिलो. शेवटी शिक्षक माझ्याशी फक्त पावसापाण्याचं बोलू लागले. तेव्हापासून पाण्याशी माझा संबंध ऐतिहासिक स्वरूपाचा आहे.

आमचे पुण्याचे मेव्हणे याच्या नेमके उलट. ते रोज पहाटे डेक्कन जिमखान्याच्या टिळक तलावावर पोहतात आणि उरलेला दिवस त्याबद्दल बोलतात. यंदा ते पत्नी आणि इंजिनिअर चिरंजीवांसह गुढीपाडव्याला आमच्याकडे आले. आदल्या दिवशी सकाळी मी कालियादहला निघायची घोषणा केली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, आज अमावास्या आहे.”

मी बुद्धिवादी माणूस. पाहुण्यांसमोर असली वाक्यं मला सहन होत नाहीत. मी तिला आगरकरांपासून सुरुवात करून दाभोलकरांपर्यंत आणलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, पदराला हात पुसले आणि चप्पल घातली. ती फक्त गर्दीबद्दल बोलत होती.

आपली फाल्गुनातली अमावास्या ती इकडच्या पंचांगात चैत्राची, आणि माळव्यात ती भूतडी अमावस. त्या दिवशी गावागावांतून ट्रॅक्टर, जीप, टेम्पो भरभरून माणसं बावन कुंडावर येतात. ज्यांच्या अंगात भूत, पिशाच्च, चुडैल, नाहीतर शेजाऱ्याने केलेली करणी आहे, त्यांना इथे बुचकळून काढलं की ते उतरतं, अशी श्रद्धा. माझा जन्म या गावातला, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण इतिहासात बुडालेल्या माणसाचं कॅलेंडरकडे लक्ष नसतं, असं मी नंतर म्हणालो. “बुडालेल्या” या शब्दावर सगळे हसले.

वाटेत कालभैरवाला थांबलो. या देवाला नैवेद्य दारूचा. पुजारी बशी तोंडाशी धरतात आणि ती रिकामी होते. मेव्हणे त्यामागचं भौतिकशास्त्र समजावून सांगू लागले आणि त्यांच्या मागच्या रांगेने त्यांना खांद्याने समजावलं. पुढे भैरवगडच्या छिप्यांची दुकानं, तुरुंगाची भिंत, आणि मग ट्रॅक्टरांची रांग. मेव्हणे म्हणाले, “भाऊजी, एवढे लोक इतिहास ऐकायला येतात?” मी म्हणालो, “माळव्याचा माणूस रसिक आहे.”

कुंडांवर पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल वाजत होते. केस मोकळे सोडलेल्या बाया घुमत होत्या, लिंबं कापली जात होती, पडियार लोक हातात मोरपिसं घेऊन कुणाकुणाची झाडाझडती घेत होते. पडियार म्हणजे ज्याच्या स्वतःच्या अंगात देव येतो आणि म्हणून जो दुसऱ्याच्या अंगातल्या भाडेकरूला बाहेर काढू शकतो तो. दुसरा एखादा माणूस गाडी वळवून घरी गेला असता. मी बूट काढून कडेला ठेवले, कारण फरशी ओली होती, आणि कुंडाकडे पाठ करून, गर्दीपेक्षा वरच्या पट्टीत सुरुवात केली. बूट नवे, चामड्याचे होते. त्यांचा उल्लेख पुढे एकदाच येईल.

महालाचा पडता काळ मी थोडक्यात उरकला: पेंढाऱ्यांच्या धामधुमीत त्याची नासधूस झाली, गवत वाढलं, छतं खचली. मग आवाज चढवून माधवराव शिंद्यांवर आलो. माधवराव हा माझा जिव्हाळ्याचा विषय. या महाराजांना जुनी यंत्रं चालू करायची हौस होती. नवी यंत्रंही आवडायची. ग्वाल्हेरला त्यांच्या जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी पाहुण्यांपुढे पेयं घेऊन फिरायची. १९२० मध्ये त्यांनी कालियादह महाल दुरुस्त करवला. १९२३ मध्ये सवाई जयसिंगाची इथली वेधशाळा उभी करून घेतली आणि तिच्यावर गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारखा ज्योतिषगणिताचा माणूस नेमला. वेधशाळेतल्या यंत्रांवर आजही सावली वाचता येते. कुंडांचं नशीब तेवढं नाही, कारण सावलीला बंधारा लागत नाही. पाण्याचं यंत्र चालायला नदी लागते, तीही वाहती.

आणि इथे मी माझा सिद्धान्त मांडला, जो मी बरीच वर्षं मांडतो आहे. कालियादहची दुरुस्ती नेहमी कुणी मोठा माणूस येणार असला की होते. जहांगीर येणार, कारागीर पाठवा. महाराजांना जागा आवडली, चुना कालवा. सिंहस्थ आला, रंग काढा. मधल्या काळात महालाला कुणी वाली नसतो. मेव्हण्यांचे चिरंजीव म्हणाले, “पण काका, मधल्या काळात हे लोक येतातच की दर वर्षी.” खरं म्हणजे त्या मुलाने एका वाक्यात माझा सिद्धान्त दुरुस्त केला होता. सुलतान एका पिढीत बुडाला, बादशहा तीन दिवसांत निघून गेला, महाराज १९२५ मध्ये पॅरिसला वारले. या तलावाचे नेमाने येणारे सभासद म्हणजे समोरची ट्रॅक्टरवाली मंडळी. पण त्या क्षणी मला उत्तर देणं भाग होतं. “बाळ,” असं म्हणून मी एक पाऊल मागे घेतलं.

शेवाळ जितकं जुनं तितकं नम्र. त्याने मला जराही आवाज न करता पाण्यात सोडलं.

पाण्याखाली मला सर्वप्रथम काय आठवलं असेल? बायकामुलं नाही, महाकाल नाही. मला आठवलं की जहांगीरने हा हौद फार खोल असल्याचं लिहिलं आहे. त्या संदर्भावर विश्वास ठेवून मी ताबडतोब बुडायला लागलो. वर आलो तेव्हा ओरडलो, “वाचवा! मला पोहता येत नाही हो!” पुन्हा खाली गेलो. पुन्हा वर आलो. हात सगळीकडे, चष्मा नाही, तोंडात पाणी, आणि भाषा मराठी.

आता काठावरच्या मंडळींच्या बाजूने विचार करा. अमावास्या. बावन कुंड. एक मध्यमवयीन गृहस्थ बराच वेळ कुणी नीट ऐकत नसताना मोठमोठ्याने मेलेल्या राजांची नावं घेतोय, मग पाठमोरा पाण्यात उडी घेतो, हातपाय झाडतो आणि अनोळखी भाषेत किंचाळतो. तिथल्या कुठल्याही तज्ज्ञाला यापेक्षा स्पष्ट लक्षणं नको होती. एकदम पुकारा झाला, “आ गया! आ गया!” ढोलवाले माझ्याकडे वळले.

माझ्याजवळच नातसुनेला बुचकळत असलेली एक म्हातारी होती. तिने नातसुनेला बाजूला ठेवलं आणि अनुभवी हाताने माझे केस धरायला माझ्या डोक्यावर पंजा मारला. तिथे केस नाहीत. गेली कित्येक वर्षं नाहीत. पंजा सरळ घसरून गेला. तिने पुन्हा मारला, पुन्हा घसरला. नासिरुद्दीनला निदान पकडायला काहीतरी होतं, हा विचार मला त्या अवस्थेतही शिवून गेला. तिसऱ्या वेळी म्हातारीने निर्णय घेतला आणि माझा कान धरला. एखादा रुसलेला नारळ पिशवीतून काढावा तसं तिने मला कानाने वर काढलं आणि पायरीवर ठेवलं. जाता जाता एक चापट दिली. ती मला नव्हती, माझ्या आत जो होता त्याला होती.

पडियार पुढे आला. मोरपिसं माझ्या नाकाशी धरून त्याने दरडावलं, “बोल! कौन है तू?”

मी खोकत होतो. पण मला कुणी प्रश्न विचारला की मी उत्तर देतोच. मी माझं आडनाव सांगितलं.

“कहाँ से आया?”

“फ्रीगंज से.”

हे उत्तर त्याला पसंत पडलं नाही. भुताला एवढा जवळचा पत्ता शोभत नाही. “झूठ! असली बात बोल! कब से है यहाँ?”

आता इथे दुसरा माणूस गप्प बसला असता. पण कुणी तरी आयुष्यात पहिल्यांदा मला आपणहून आमच्या घराण्याचा इतिहास विचारत होतं, तोही ढोल थांबवून. मी म्हणालो, “राणोजी शिंदे के साथ आए थे. फिर लष्कर चली गई, हम यहीं रह गए.”

गर्दीतून एक लांब ‘ओऽऽ’ उमटला. कुणी तरी हात जोडले. पडियाराच्या चेहऱ्यावर सार्थकतेचं तेज आलं. एवढं मुद्देसूद बोलणारं भूत त्याच्या वाट्याला आलं नसावं. “मराठा सिपाही है,” त्याने जाहीर केलं. मला म्हणावंसं वाटलं की शिपाई नव्हे, कारकून. पण ती दुरुस्ती मी टाळली. तीनशे वर्षांत घराण्याला मिळालेली ती पहिली बढती होती.

“क्या चाहिए तेरे को? क्या लेके जाएगा?”

“तौलिया,” मी म्हणालो.

त्या गर्दीला हसणं सोपं आहे आणि मीही घरून हसायच्या तयारीने निघालो होतो. पण पायरीवर थरथरत बसलो असताना शेजारी त्या म्हातारीची नातसून बसली होती. तिला दुसरा पडियार तेच विचारत होता: कोण आहेस, कुठून आलीस, काय हवं तुला. ती हमसून हमसून सांगत होती: नवऱ्याचं, सासरचं, कुणाच्या तरी मुंबईला निघून जाण्याचं. आणि चाळीस माणसं मान हलवत ऐकत होती. भुताच्या नावावर का होईना, तिला त्या दिवशी बोलायला मिळत होतं. तिला डॉक्टरकडे न्यायला हवं होतं, हे माझं मत कायम आहे. पण मला काय हवं, हे विचारणारा माणूसही मला त्याआधी बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता, हेही खरं.

मेव्हण्यांनी २५१ रुपये दक्षिणा देऊन मला सोडवलं. पाण्याबद्दल त्यांनी एकच वाक्य उच्चारलं, “भाऊजी, कमरेएवढं होतं.” टिळक तलावावर रोज पोहणारा माणूस उडी का मारत नाही, याचा उलगडा तेव्हा झाला: त्यांना ओलं व्हावंसं वाटावं इतकी ती जागा खोल नव्हती. चिरंजीवांनी सगळं चित्रित केलं होतं. आम्ही गाडीपर्यंत पोहोचायच्या आत ठाण्याहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला, “दादा, तू शिपाई कधी झालास?”

बूट. अमावास्येला आंघोळ करून जुने कपडे, चपला काठावर सोडून जायची चाल इकडे आहे. शनिश्चरी अमावास्येला त्रिवेणी घाटावर तर असे ढीग लागतात की प्रशासन मागाहून त्यांचा लिलाव करतं. पीडा मागे राहावी ही कल्पना. माझे बूट कुणी तरी माझी पीडा समजून भक्तिभावाने ढिगात टाकले होते. मी ढिगात हात घालणार तेवढ्यात पडियार ओरडला, “पीछे मत देख!” मी अनवाणी चालत आलो.

परतीच्या वाटेवर मी बायकोला विचारलं, “तू काठावरच उभी होतीस. हात का नाही दिलास?”

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “तुम्हीच सांगता ना, नंतर हात तोडतात म्हणून.”

त्या रात्री पोट बिघडलं. चिरंजीवांनी मी काय प्यायलो ते उशाशी बसून समजावून दिलं. इंदूरची कान्ह नदी, म्हणजे खरं तर इंदूरचं सांडपाणी, उज्जैनच्या वर क्षिप्रेला मिळतं. २०१६ च्या सिंहस्थात घाटांवर स्वच्छ पाणी राहावं म्हणून ती पिपल्या राघोजवळ अडवून, मोठ्या नळांतून जमिनीखालून शहराला वळसा घालून पुढे सोडायची योजना झाली. पुढे म्हणजे कुठे? कालियादहजवळ. देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून वर्षानुवर्षं पहिला नंबर घेणारं इंदूर धुतल्यावर जे उरतं, त्याचा एक घोट माझ्या पोटात होता. इंदूरच्या व्याह्यांशी मी आयुष्यभर वाद घातले, पण ते असे आत शिरतील असं वाटलं नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून देताना विचारलं, “पोहायला गेला होतात?” मी होय म्हणालो. ते ऐकून बरं वाटलं.

पडून राहायला लागलं की माणसाला मोठे विचार सुचतात. मला नासिरुद्दीनचं पुढचं आठवलं. कालियादहहून जहांगीर मांडूला गेला. तिथे नासिरुद्दीनची कबर बघून त्याचा संताप झाला. बापाला विष देणारा हा! त्याने कबरीला लाथ मारली, बरोबरच्यांना मारायला लावली. मग हाडं जाळावीत असं त्याच्या मनात आलं, पण अग्नी पवित्र, तो कशाला बाटवा, म्हणून ती उकरून नर्मदेत टाकायला लावली. मेल्यावर शंभरावर वर्षांनी सुलतान पुन्हा पाण्यात गेला, हे जहांगीरने स्वतःच चवीने नोंदवलं आहे. तो स्वतः दिवसाला वीस पेले रिचवायचा, हेही त्याने त्याच पुस्तकात कबूल केलं आहे. पण दुसऱ्याचं व्यसन नेहमी जास्त वास मारतं.

आणि आता बघा. क्षिप्रा कोरडी पडायला लागली म्हणून नर्मदेचं पाणी पंपांनी वर चढवून इंदूरजवळच्या उज्जैनी गावात, क्षिप्रेच्या उगमाशी आणून सोडलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये ही नर्मदा-क्षिप्रा जोड सुरू झाली. म्हणजे ज्या नर्मदेत सुलतानाला टाकलं, तीच नर्मदा आज क्षिप्रेतून वाहत त्याच्या हौदांपर्यंत येते. चारशे वर्षांनी सुलतान सरकारी खर्चाने घरी आला! मी पांघरूण फेकून उठलो आणि बाहेरच्या खोलीत जाऊन हे सगळ्यांना सांगितलं.

मेव्हणे श्रीखंड खात होते. चमचा खाली न ठेवता ते म्हणाले, “पाणी ओंकारेश्वरहून उचलतात. मांडू ओंकारेश्वरच्या खाली, पश्चिमेला. हाडं प्रवाहाविरुद्ध पोहत गेली की काय?”

“गेली असतील,” मी म्हणालो. “त्याला पोहायचा सराव होता.”

“होता तर बुडाला कशाला?”

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही तवारिखेत नाही. मी परत जाऊन पडलो.

बरा झाल्यावर मी संबंधित कार्यालयात एक निवेदन दिलं. याआधीही मी बावन कुंडांच्या जीर्णोद्धाराबद्दल निवेदनं दिली आहेत. त्यात बंधारा, नाळे, चादरी, गाळ उपसण्याचा क्रम, सगळं आकृत्यांसह असायचं. या खेपेला एकच मागणी केली: मोठ्या कुंडाच्या काठाला कठडा बसवावा. खिडकीतल्या माणसाने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, मग बारीक डोळे करून मोबाईल काढला आणि मला माझंच चित्रीकरण दाखवलं. “ये आप ही हैं ना, मराठा सिपाही?” मी होय म्हणालो. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. निवेदनाला पहिल्यांदाच आवक क्रमांक मिळाला. सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. कठडा झालाच तर माझ्यामुळे नव्हे, कुणा मोठ्या माणसाचा पाय घसरू नये म्हणून होईल, आणि माझा सिद्धान्त खरा ठरेल.

एक गोष्ट मेव्हण्यांनी मला बरेच दिवस सांगितली नव्हती. दक्षिणा घेताना पडियाराने त्यांना बजावलं होतं की भूत पूर्ण निघालेलं नाही, जुनं आहे, मुळं खोल गेली आहेत. ओळखायचं कसं? तर जेवताखाता मध्येच सन-संवत बोलू लागला की समजा, आहे अजून आत. मग पुढच्या भूतडीला पुन्हा आणा. बायकोने कालनिर्णयावर ती तारीख लाल शाईने गोल केली आहे. परवा नागपूरचे पाहुणे आले होते. पानं वाढून झाली, वरणावर तूप पडलं, मी घसा साफ केला आणि म्हणालो, “सन १४५८…” पाहुणे ऐकायला पुढे झुकले. बायकोने वाढता वाढता डावा हात माझ्या कानाकडे नेला, आणि मी पटकन म्हणालो, “…रुपये लागतील हो तुम्हाला कालभैरवाच्या रिक्षाला, येऊन-जाऊन.”